पुसलेली पानं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि तुमच्याच खोलीत मी वनस्पतीशास्त्र शिकवते. तुम्ही असताना बोलले नाही ते आता लिहिते आहे. हे कुठे जाणार नाही, हे माहीत आहे.

मानोरा गावाच्या पुढच्या माळावर तुम्ही आमचा वर्ग नेला होता. गवतात गुडघ्याएवढी काटेरी झुडपं. मी एक फांदी मोडते आणि बोटांना डिंकासारखं काहीतरी लागतं. भिंगातून बघते, तर पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. पुस्तकात या झुडपाची पानं कोरडी होती. मी म्हणाले, "सर, जात तीच, पण प्रकार वेगळा असेल." मागून मैत्रीण म्हणाली, "आंधी ओढणी सोडव बाई, त्यानं धरून ठेवली तुले." सगळे हसले. तुम्हीही हसलात.

फांदी मी वर्तमानपत्रात दाबून वाळवली. उघडली तेव्हा पानांना कागद चिकटलेला, एका पानावर कापसाच्या भावाची बातमी उलटी उमटलेली. तुम्हाला कपाट नीटनेटकं लागायचं. चिकट झाडं तुम्ही दाबण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं घासून पुसायचात. त्याच माळावरची तुमची जुनी फांदी तुम्ही माझ्या फांदीशेजारी ठेवलीत.

"पाह्य. कुठी हाय चिकट?"

"सर, तुमी पुसली ना ते."



"मले शिकवून राह्यली तू? मंग काहून आली कॉलेजात? घरीच राह्यची."

माझी फांदी कागदासकट कचऱ्यात गेली. त्यानंतर मी तुमच्या वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

तो माळ आता नाही. सपाट करून तिथे सौर पॅनेल बसवली. त्याआधी तिथल्या झाडांच्या पाहणीला आलेल्यांनी आपलंच कपाट उघडलं. तुमच्या देखण्या अक्षरात लेबलावर साध्या झुडपाचं नाव होतं. तिथलं झुडूप चिकट, वेगळं आहे, असं मी बोलले. "मॅडम, नमुना दाखवा," ते म्हणाले. दाखवायला काय होतं? 'सगळीकडे आढळणारं' असं लिहून ते गेले. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणीतरी तेच चिकट झुडूप वेगळा प्रकार म्हणून नोंदवलं. त्यात आपल्या वाशिमचं नाव नाही.

गेल्या महिन्यात मी तुमचे त्या माळावरचे सगळे नमुने भिंगाखाली घेतले. फार स्वच्छ काम होतं तुमचं. शेवटी एका फांदीवर, देठ जुळतो त्या बेचक्यात, थोडे चिकट केस राहिलेले दिसले. बोळ्याचे तंतू अजून त्यांना धरून होते. आनंद झाला नाही. एवढंसं त्या पाहणीच्या दिवशी सापडलं असतं तर, एवढंच मनात आलं.

जुनं लेबल फाडायचं नाही, शेजारी नवी चिठ्ठी लावायची, हे तुम्हीच शिकवलंत. तशी मी लावली. झुडपाचं खरं नाव लिहिलं, माळाचं लिहिलं, आणि खाली 'पानांवरचे केस पुसले गेले आहेत' असं लिहिलं. कोणी पुसले, ते लिहिलं नाही. तुमच्यावर माझा राग आहे आणि तो जाईलसं वाटत नाही. पण उद्या एखाद्या परक्या माणसानं ती चिठ्ठी वाचून तुम्हाला हसावं, हे मला सहन झालं नसतं.