पाथरी नव्हे, हॉकवीड

धाराशिव,
ता. ९ डिसेंबर २०२४

प्रिय इरा,

आशीर्वाद. इथं थंडी चांगली पडली आहे. नळाला पाणी चार दिवसांआड येतं. सिताबाईचा गुडघा बरा झाला. ती पुन्हा भूमच्या बाजाराच्या गोष्टी सांगत भाकरी थापते. ओळी वाकड्या दिसतील. पेन नवीन आहे.

दोन वर्षांपूर्वी तू स्कॉटलंडहून हॉकवीडचं बी पाठवलंस, तेव्हा लिहिलं होतंस, हे थंड डोंगरातलं, तुझ्याकडं जगणार नाही, गंमत म्हणून पेर. मी दिवाळीनंतर पेरलं. न्हाणीमागच्या सावलीत, कुंड्यांना ओलं पोतं गुंडाळून. मे महिन्यात पानं करपली, तशी सिताबाई कुंड्या रिकाम्या करायला निघाली. मी करू दिल्या नाहीत. पावसाळा लागल्यावर त्याच मुळांतून, मातीला चिकटून, पुन्हा पानं फुटली. तुला फोटो पाठवायचा होता. तो नीट आला नाही.

आता त्या भाजीचं. सिताबाईनं तुला फोनवर हसत सांगितलं, ते खरं आहे. कुंड्यांत आपली रानातली पाथरीही आपोआप उगवली होती. सिताबाईला ती भाजी आवडते, म्हणून ती बाहेर गेली असताना मी पाथरी खुडली आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. दुसऱ्या घासाला सिताबाई थांबली.

"ताई, ही पाथरी न्हाय. जिभेला केसं टोचायलेत."

हॉकवीडच्या नऊ झाडांपैकी तीन आम्ही शिजवली होती.

तू हसली नाहीस. म्हणालीस, "आई, स्वतः वाढवलेलं झाड तुला ओळखता आलं नाही. आता तू तिथं राहायचं नाहीस." दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या त्या संस्थेत माझ्या नावानं खोली ठेवलीस. जानेवारीत मला तिथं पोचवायला येणार आहेस.

पेन जुनंच आहे, इरा. डोळ्यांचे पडदे झिजले आहेत. जे पाहायला जावं त्याच्या मधोमध धूर असतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. दीड वर्ष झालं. ओळ सरळ राहावी म्हणून कागदाला घड्या घातल्या आहेत. तुला सांगितलं नाही, कारण तू हेच केलं असतंस.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आमचे डोळे रुमालानं बांधून बागेत सोडायच्या. मरवा, तुळस, जिरॅनियम, सगळं हातानं ओळखायचं. चुकलं तर त्या रागवत नसत. तेच पान पुन्हा हातात देत.

भाजीनंतर मी तेच सुरू केलं. रोज सकाळी सिताबाई ओट्यावर पाथरीची आणि हॉकवीडची वीस पानं मिसळून ठेवते, मी ती हातानं वेगळी करते. फूल दोघांचं पिवळं, तोडलं की दूध दोघांतून येतं. पण पाथरीचं पान गुळगुळीत, आणि हॉकवीडवर राठ, उभे केस. रविवारी तुझे बाबा दाढी करायचे नाहीत, तेव्हा त्यांचा गाल लागायचा तसे. पहिल्या दिवशी चार चुकली. आता आठवडा झाला, एकही चुकलेलं नाही. परवा तिनं मुद्दाम मेथीचं पान सरकवलं, तेही मी बाजूला काढलं. म्हणाली, "तुमाला फसवायची काई सोय ऱ्हायली न्हाय बगा."

तर मी येणार नाही. खोली सोडून दे. सिताबाई मागच्या खोलीत राहायला आली आहे. गॅसच्या बटणाला दोरा बांधलाय, म्हणजे बंद-चालू हाताला कळतं. मी चुकेन, कधी पडेनही. पण चूक झाली तर पान पुन्हा हातात द्यावं, बाग काढून घेऊ नये. हे तुला रागानं लिहीत नाही. पण ठरवून लिहिते आहे.

हॉकवीडच्या उरलेल्या सहा झाडांपैकी एकाला काल फूल आलं. सोबत त्याचं पान आहे. डोळे मिटून त्यावर बोट फिरव. तुला बाबा आठवतील.

पाकिटावरचा पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेऊ, असं सिताबाईचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. तो माझ्या हाताचा आहे. हे पत्र तुला मिळालं, म्हणजे तो वाचता आला.

जानेवारीत जरूर ये. तुझी बॅग आण. माझ्यासाठी रिकामी आणू नकोस.

इथंच राहणारी,
तुझी आई