सईचा डेम्बो, आबांची हलगी

१२ जाने., रवि.
सईला शाळेत म्युझिकचा प्रोजेक्ट मिळालाय. विषय तिनेच निवडला, रेगेटॉन, म्हणजे स्पॅनिशमधलं नाचाचं संगीत. कालपासून इथे आखातात, आमच्या अरादच्या फ्लॅटमध्ये, तोच एक ठेका, डेम्बो म्हणतात त्याला. जेवताना मी तो नकळत ताटाच्या कडेवर बोटांनी धरला. सई बघतच राहिली. तिला कीबोर्डवर दोन दिवस जमत नव्हता. कुठे शिकलास, विचारलं तिने. म्हटलं, कॉलेजात एक मित्र वाजवायचा.
माधुरीने माझ्याकडे पाहिलं. बायको आहे, तिला सगळं माहीत.

१४ जाने., मंगळ.
ऑफिसात लक्ष नाही. एसी डक्टची ड्रॉइंग्ज दोनदा चुकवली.
मित्र-बित्र कोणी नव्हता. आबा वाजवायचे. कागलजवळच्या आमच्या गावात लग्न असो, जत्रा असो, कुस्त्यांचं मैदान असो, आबांची हलगी. मागे दुसरी हलगी माझी. मग इंजिनिअर झालो, इथे आलो, त्याला सोळा वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर वडील शेती करतात. सईलाही तेच सांगितलंय. ज्या लग्नात आबा वाजवायचे तिथेच त्यांना मांडवाबाहेर जेवायला बसवायचे. ते पोरीला कशाला...

१७ जाने., शुक्र.
सुट्टी. अरादच्या किल्ल्याभोवती फेऱ्या मारताना सईने रेगेटॉनचा सगळा इतिहास ऐकवला. पनामाचा कालवा खणायला जमैकाहून मजूर गेले, बरेच तिथेच राहिले. पुढे त्यांच्या पोरा-नातवंडांनी जमैकाची गाणी स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. ते पोर्तो रिकोला पोचलं. वस्त्यांतली पोरं घरच्या घरी कॅसेटी भरून हातोहात वाटायची. घाणेरडं संगीत म्हणून पोलीस दुकानांतून कॅसेटी उचलून न्यायचे. आता सगळं जग त्यावर नाचतं.
"इमॅजिन बाबा, पीपल वर अशेम्ड ऑफ इट."
मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. सुटलेली नव्हती.

२० जाने., सोम.
सईच्या म्युझिक टीचरना भेटलो. मिस ग्रँट, मूळच्या पनामाच्या. बोलणं स्पॅनिश वळणाचं, आडनाव इंग्रजी. कारण विचारलं. पणजोबा जमैकाचे, कालव्यावर फावडं मारायचे, असं सहज म्हणाल्या, आपल्याकडे लोक आजोबा मामलेदार होते म्हणून सांगतात तसं. हेवा वाटला.
सईला ठेका कोणी शिकवला, हा त्यांचा प्रश्न. सईने माझ्याकडे बोट केलं. मग प्रेझेंटेशनला तुम्हीच वाजवा म्हणाल्या. मी इंशाल्ला म्हणालो. म्हणजे नाही.
घरी आल्यावर सईला खरं सांगितलं. सगळं. मांडवाबाहेरचंही. तिने चक्क मराठीत विचारलं,
"मग आजोबांनी मला कधी वाजवून का नाही दाखवलं?"
"मीच नको म्हणालो होतो."
उठून आत गेली. दार आपटलं नाही, पण लावलं.

२४ जाने., शुक्र.
चार दिवस जेवढ्यास तेवढं बोलणं. आज सकाळी सईने स्वतःच आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना डेम्बो ऐकवला. आबांनी कान फोनला लावला, त्यामुळे आम्हाला फक्त कानच दिसत होता. मग उठले, माळ्यावरून हलगी काढली, चुलीवर शेकली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. दुसऱ्याच आवर्तनात ठेका उचलला, तिसऱ्यात त्यात आपलं काहीतरी घातलं. त्या दणक्याने तिकडे फोन आडवा झाला. आम्हाला नुसतं छप्पर दिसत होतं आणि आवाज येत होता. सई नाचत होती. माधुरी पण. मी रडत होतो की हसत होतो, कोण जाणे.

३१ जाने., शुक्र.
मुहर्रकच्या बाजारातून एकतोंडी अरबी डफ आणला. दुकानदार म्हातारा. वाजवण्याआधी आच दाखव, म्हणाला. म्हटलं, हे मला माहीत आहे. सलमाबादच्या वर्कशॉपमधल्या सुताराने दोन टिपऱ्या तासून दिल्या, एक जाड, एक बारीक. आबांनी फोनवरून तालीम घेतली.
"मनगाट ढिलं सोड की रं. सायबागत काय धरलंयस?"

६ फेब्रु., गुरु.
झालं! हॉल भरलेला. सईने पनामा सांगितलं, कॅसेटी सांगितल्या. शेवटी म्हणाली, हा ठेका माझ्या घरातही होता, मला उशिरा कळला. माझे आजोबा हलगी वाजवतात. मग मी. पहिले चार ठोके चुकले. पुढचं आठवत नाही. मिस ग्रँट खुर्ची सोडून नाचल्या, मागची पोरं बाकांवर. दोन्ही तळव्यांना फोड आलेत. झकास दुखतायत.

१५ फेब्रु., शनि.
मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. शाळेतला व्हिडिओ पाहिला म्हणे, कुठे शिकलात? म्हटलं, वडिलांकडे. ते हलगीवाले. लग्नात वाजवायचे. मी पुढे विचारलं, ते इथे येतायत, पुढच्या कार्यक्रमात वाजवतील, चालेल? कमिटीपुढे ठेवतो, म्हणाले. ठेवा.
आबांच्या व्हिजिट व्हिसाचा अर्ज परवाच भरलाय. अजून उत्तर नाही. आज त्यांनी विचारलं, हलगी कुठं ठेवायची? म्हटलं, सामानात, विमानाच्या पोटात.
"मग म्या न्हाई येत. मांडीवर घिऊन बसू देत्यात का इचार."
सई एअरलाइनला ईमेल लिहितेय. हलगीचा व्यास किती, म्हणून आबांना परत फोन लावलाय. ते वितीने मोजतायत.