बाबांचा पाय आणि विरुद्ध बाजू

६ जानेवारी, सोमवार
संकल्प: रोज डायरी. (१ तारखेपासूनच करायचा होता. असो.)
आज अकरावीला 'पटवून देणारं लेखन' सुरू केलं. फळ्यावर लिहिलं: दावा, कारणं, पुरावा, विरुद्ध बाजू, समारोप. पोरं विरुद्ध बाजू हमखास गाळतात. त्यांना सांगितलं, समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडा, मगच खोडा. मागचा बाक झोपला होता. बाकीचे भारावले असावेत.
संध्याकाळी ताईचा फोन. शुगरमुळे बाबांच्या पायाची बोटं काळी पडलीत. सर्जन म्हणतात, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, तोही याच आठवड्यात, नाहीतर विष अंगभर पसरेल. बाबा अडून बसलेत. ताई म्हणाली, तू ये आणि समजाव, वर्गात तेच तर शिकवतोस. घरात कुणाला तरी माझ्या विषयाची किंमत कळली म्हणायची.

८ जानेवारी
काल जाणार होतो. पण तयारीशिवाय जाणं म्हणजे हसं करून घेणं. नेटवरून आकडेवारी काढली. बायको म्हणाली, नुसते जाऊन शेजारी बसा, हात धरा त्यांचा. तिला समजावलं की भावनेला हात घालणं हे कच्च्या वक्त्याचं काम. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. पटलं असावं.

९ जानेवारी
हॉस्पिटल. ताईनं निम्मं काम आधीच केलं होतं. बाबा म्हणाले, बरं, तुम्ही दोघं म्हणताय तर बघू.
दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण अर्धवट पटलेला माणूस ऐन वेळी पलटी खातो. म्हणून विरुद्ध बाजू मांडली, अगदी प्रामाणिकपणे. या वयात जखम भरेलच असं नाही. उद्या दुसराही पाय जाऊ शकतो. संडासला जायलाही माणूस लागेल. जन्मभर कुणाच्या पेलाभर पाण्याचाही मिंधा नसलेला माणूस लेकीच्या घरात ओझं होऊन पडेल. बाबा कान देऊन ऐकत होते. माझं बोलणं त्यांनी असं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.
आता खोडणार, तेवढ्यात नर्स ड्रेसिंगला आली आणि तिनं आम्हाला बाहेर काढलं. परत आत गेलो तर बाबा म्हणाले, पटलं तुझं. पाय राहू दे.
ताई माझ्याशी बोलत नाहीये. चूक वेळेच्या नियोजनाची आहे, मांडणीची नव्हे.

१० जानेवारी
सगळे मुद्दे खोडायला गेलो. बाबांनी प्रत्येकाला माझंच कालचं उत्तर दिलं, क्रमानं. कुणी पोरगं इतकं नीट लिहीत नाही. क्षणभर अभिमान वाटला. तसं ताईला बोललो आणि फसलो. ती म्हणाली, तुझ्या जिभेला काही हाड आहे का?
सर्जन म्हणाले, पेशंट शुद्धीत आहे, त्याच्या सहीशिवाय हात लावता येत नाही. रविवारी नव्यानं सुरुवात करणार.

१२ जानेवारी
बाबांना ताप. पायाला वास येतोय, खोलीत शिरल्याबरोबर. आकडेवारीचे कागद खिशातच राहिले.
बाबांनी विचारलं, तुला काय वाटतं? मी दोन्ही बाजू पुन्हा सांगितल्या. ते म्हणाले, त्या पाठ झाल्यात रे मला, तुला काय हवंय ते सांग. म्हटलं, माझं मत हा काही पुरावा नव्हे, निर्णय तुमचाच हवा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तटस्थ राहणं सोपं नसतं.

१३ जानेवारी
ताई नुसती रडली. म्हणाली, बाबा, मला तुम्ही हवे आहात, एका पायाचे असलात तरी चालेल. दावा नाही, पुरावा नाही, काही नाही. बाबांनी पेन मागितलं.
सर्जन म्हणाले, आता मांडीतून कापावा लागेल, आणि तरीही खात्री देत नाही. चार दिवसांपूर्वी सही झाली असती तर, म्हणाले, आणि पुढचं गिळलं.
उद्या शाळेला रजा.

१६ जानेवारी
बाबा सकाळी गेले. ऑपरेशन नीट झालं होतं. विष आधीच रक्तात उतरलं होतं.
दुपारी घर भरलं. शेजारचे काका सगळ्यांना सांगत होते, मुलगा मास्तर आहे, त्यानं समजावलं म्हणून म्हातारा निदान सहीला तरी तयार झाला. मी मान हलवली. ताई दारात उभी होती.
लोक गेल्यावर तिच्याजवळ गेलो. माझी बाजू डोक्यात तयार होती: नर्स, ड्रेसिंग, वेळ. ती म्हणाली, बोल. म्हटलं, मला बाबा हवे होते गं.
मला काय सांगतोस, म्हणाली, आणि आत निघून गेली.