कुंपणापलीकडची धाव

प्रिय चिमणे,

तुझा निरोप आईने मला दोनदा वाचून दाखवला. नवी खोली स्वतः शोधलीस, शिवाय घरमालकिणीशी भांडून खिडकीची फुटकी काचही बदलून घेतलीस. गेल्या महिन्यात त्या परक्या शहरातून ‘बाबा, मला नाही जमत, मी परत येते’ म्हणत रडणारी तूच ना? जीव भांड्यात पडला बघ.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या सरडेच सरडे आहेत. जहाजातल्या कुंड्यांमधून आलेली ही परकी जात इथल्या सरड्यांना हुसकावून सगळीकडे पसरली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणणाऱ्याने यांना पाहिलेलं नसावं. यांनाच हे कसं साधतं, ते आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई शोधतायत. प्रत्येक पेटीत दोन डब्या, एकीचं झाकण निळं, दुसरीचं पांढरं, अळी पांढऱ्याखाली. झाकण ढकलायला कोण किती दिवसांत शिकतो, ते मी वहीत लिहायचं. धीट होते ते दोन दिवसांत शिकले.

एक मात्र कौलाच्या तुकड्याखालून हलेना. मी त्याला भित्रा म्हणायचो. उपाशी मरेल या धास्तीने, बाईंची पाठ वळली की चिमट्याने अळी थेट त्याच्या तोंडाशी धरायचो. तीन आठवडे वहीत त्याच्यापुढे भोपळा. शेवटी बाईंनी मला रंगेहाथ पकडलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “जागेवर मिळतंय, तर तो बाहेर कशाला येईल?”

चिमटा कपाटात गेला. दोन दिवस मलाच घास उतरेना. तिसऱ्या दिवशी भित्रा बाहेर आला आणि त्याने सरळ पांढरंच झाकण ढकललं. काचेतून शेजारच्या पेटीतल्यांचं बघून बघून तो कधीचाच शिकला असणार, असं बाई म्हणाल्या. मला भरून आलं.

तुझी सरड्याशी बरोबरी केली म्हणून आई फुगली आहे. पण कोणती बस, कुठलं दुकान, घरमालकिणीशी काय बोलायचं, हे दिवसातून चारदा फोनवर मीच सांगत होतो ना? तोंडाने कबूल करायला धीर होत नाही, म्हणून हे पत्र. गेले बारा दिवस माझा फोन बिघडलेला नव्हता. आईला तसं सांगायला मीच लावलं. फोनच्या पडद्यावर तुझं नाव उजळायचं आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. आता फोन कर, उचलेन. सल्ला एकही देणार नाही. उलट ती काच कशी बदलून घेतलीस, ते मला सांग. आपल्या मोरीची वर्षभर फुटलेलीच आहे.

तुझाच, चिमटा ठेवून दिलेला,
बाबा