बराखीचा फोटो

आण्णा, आपली कांदे साठवायची बराख गेल्या महिन्यात पाडली. बाभळीचे डांब रोवून, बांबूच्या कामट्या ठोकून, वर उसाचं पाचट टाकून तुम्ही केलेली. तुमच्यामागं डांब खालून कुजले, म्हणून चुलत्यांनी लोखंडी बराख करायची ठरवली. मी फोनवर एवढंच म्हणालो, "मी येईपर्यंत हात लावू नका, मला तिचा फोटो काढायचाय." इथं गुजरातेत फरशीच्या कारखान्यात असलो तरी सुट्टीला आलो की मी मोबाईल घेऊन गाडीवर हिंडतो. डिंभ्यापासून बोरीपर्यंत जुने गोठे, बराखी, कांदे निवडणाऱ्या बाया, सगळं काढलं. आपलीच तेवढी राहिली होती.

आळेफाट्याला उतरून घरी पोचतो तर बराख नवरीसारखी नटलेली! आईनं डांबांना गेरू फासलाय, झेंडूचं तोरण बांधलंय, मोडक्या कामट्यांवर नवीकोरी निळी ताडपत्री. मी डोक्याला हात लावला. "आई, मला जुनी पाह्यजे व्हती!"

"मंग जुनीच हाये की. फोटूला काय पारोशी उभी करू तिला?"

चुलते हसायला लागले. "राव, लग्नाचे फोटू बी तुमी आंघोळीच्या आधी काढता का?"

दुपारी पाडायला माणसं येणार. ताडपत्री ओढावी तर आई रुसणार, ठेवावी तर तुमची बराख दिसणार कुठं? नुसताच भोवती फिरायला लागलो. तुम्ही असेच फिरायचात, वास घेत. मधेच थांबून म्हणायचात, "हितं नासलाय," आणि फटीतून हात घालून नेमका तोच कांदा बाहेर. एकदा मी वाकून वाकून शोधत होतो तर डाफरलात, "डोळं मीट, नाक उघड. आन् एका जागी ठर जरा!"

मागच्या अंगाला गेलो. तिथं आईचा गेरू पोचलाच नव्हता. कामट्या तशाच काळ्या, एका ठिकाणी फाकलेल्या, हात जाऊन जाऊन गुळगुळीत झालेल्या. आई मागोमाग आली. "ह्यो बघ त्यांचा दरवाजा," म्हणत तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि हसली. तोच फोटो काढला. मग तिच्या समाधानाला तोरणाचाही काढला. पाडताना रडू येईल वाटलं होतं, पण आई अजून हसतच होती.

इकडं कारखान्यावर परत आलो तर खोलीतली पोरं फोटो बघून म्हणाली, भारी आहे, कुणी बांधली? मी म्हणालो, मी आणि आमच्या आण्णांनी. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहितो. तुम्ही डांब रोवत होता त्या दिवशी मी कुस्त्या बघायला पळालो होतो, आणि पोरांना ते अजून सांगितलेलं नाही.