आमच्या घराखालची माती

बेसिंगस्टोक,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय स्नेहलताई,

गुडघा कसा आहे? व्यायाम सोडू नकोस. आम्ही ठीक आहोत. यंदा ऊन भरपूर आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर गार्डनमधली मेथी दाखव म्हणालीस, तेव्हा मी कॅमेरा दुसरीकडे फिरवला. मेथी मी कधीच उपटून टाकली. एप्रिलमध्ये वाफा खणताना खाली काळी-निळी माती लागली, रॉकेलसारखा वास येणारी. हात दोन दिवस चुरचुरत होते. आमची सिया रोज शाळेतून आली की तिथंच खेळायची.

इथे पूर्वी धातूला मुलामा देणारा कारखाना होता, हे घर घेताना माहीत होतं. जागा साफ केलीय, असं बिल्डर म्हणाला होता. कारखान्याचे मालक आता राहिले नाहीत आणि घरं विकून झाल्यावर बिल्डरनेही आपली कंपनी गुंडाळली. इथला कायदा असा, की ज्याने घाण केली त्याच्याकडून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, सफाईचा खर्च घ्यायचा. तो सापडला नाही, तर आज जागा ज्याची, त्याच्यावर तो खर्च येऊ शकतो. म्हणजे आमच्यावर.

शेजारचे गिरीशदादा घर विकायला निघाले होते. म्हणाले, "तपासलंच नाही तर काही सापडत नाही, निवेदिता. वर नवी माती टाक आणि गप्प बस."

रात्री जेवताना परीक्षितही म्हणाला, "कौन्सिलला कळलं तर हे घर कुणी फुकटही घेणार नाही."

मी गप्प बसले. मग गिरीशदादांचं घर बघायला एक जोडपं आलं. बायकोच्या कडेवर बाळ होतं. ती हसून मला म्हणाली, लॉन किती छान आहे, हा इथेच रांगायला शिकेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी कौन्सिलला फोन केला. घरी कुणालाच सांगितलं नाही.

त्यांनी सगळ्यांच्या गार्डनमध्ये ड्रिल करून माती तपासली. क्रोमियम निघालं, शिसंही.

ताई, सियाच्या रक्तातही शिसं आहे. फार नाही, डॉक्टर म्हणतात. पण शिशाने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो; ती चमचा कुठे ठेवला हे विसरली, तरी मी तिचा रिपोर्ट पुन्हा काढून वाचते.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी परीक्षितला फोनचं सगळं सांगितलं. नंतर रहिवाशांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "कौन्सिलला फोन कुणी केला?" परीक्षित उभा राहिला. "मी केला," म्हणाला.

तेव्हापासून स्टेशनवर त्याच्याशेजारी कुणी उभं राहत नाही. आमच्या गाडीवर कुणीतरी किल्लीने ओरखडा काढला. गिरीशदादांचा सौदा मोडला.

काल त्यांच्याकडे जाऊन सांगितलं, फोन माझा होता. त्यांनी ऐकून घेतलं. "आता आम्ही कुठे जायचं?" एवढंच विचारलं.

खर्च कुणावर, ते कौन्सिल अजून ठरवतंय. दारात पोस्ट पडल्याचा आवाज आला की मी जिन्यातच थांबते. आईला सियाचं सांगू नकोस.

हे घर आहे तोवर याच पत्त्यावर लिही.

तुझी,
निवू