लोणारच्या फाईलला हात कोणी लावला

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
नांदुऱ्याच्या मुख्य लॅबमध्ये पूजा. मायक्रोस्कोप, प्रिंटर, सुया टोचायची खुर्चीसुद्धा, सगळ्यांना हळद-कुंकू. नितीन सरांनी माझ्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली आणि तो बंद करायला लावला. "अवजार हाय ते मॅडम, आज त्याले आराम." म्हटलं, सर, केंद्रांच्या सेटिंगच्या फाइली यावरचं मी लिहिलेलं टूलच सांभाळतं. रोज सकाळी तपासतं, कुठे वेगळं दिसलं की माझी मूळ प्रत परत लिहितं. हसले. मालकच ते.
लोणार, दुसरबीडच्या केंद्रांची मशीनं मात्र चालूच. त्यांना आराम नाही वाटतं!

३ ऑक्टो., शुक्र.
काल दसऱ्याची सुट्टी. आज माळ काढली, कॉम्प्युटर लावला, टूल चाललं. तासाभरात लोणारचं केंद्र सांभाळणाऱ्या संगीताताईंचा फोन. "मॅडम, रिपोर्टच छापून नाही राह्यले! लोकं बसून हायेत, बाया लेकरं घेऊन आल्या."
तिथला प्रिंटर नवमीलाच बदलला म्हणे. फाईलमध्ये नव्याचा नेटवर्कवरचा पत्ता कोणीतरी हाताने टाकलेला. टूलने जुना परत लिहिला. त्याचं कामच ते. फाईलच्या पहिल्याच ओळीत मराठीत लिहून ठेवलंय: हाताने बदलू नका, नांदुऱ्याला कळवा. कोण वाचतो?
सर सगळ्यांदेखत, "तुमच्या त्या टूलनं घोळ केला." दुपारी, "खुलासा लिहून द्या, चूक माझी म्हणून." घरी येईपर्यंत कान गरम होते. जेवले नाही.

४ ऑक्टो., शनि.
खुलासा दिला नाही. टूल बंद करायचा हुकूम. आता प्रत्येक केंद्राने आपापलं हाताने करायचं.
श्रावणातच टूलला जोडायचं एक प्लगिन लिहून दाखवलं होतं. फाईल कोणी हाताने बदलली असेल तर टूल वरून लिहायच्या आधी थांबतं, फरक दाखवतं, विचारतं. तेव्हा सर म्हणाले होते, "नसते लाड कशाले?" ते प्लगिन असतं तर काल... जाऊ दे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

६ ऑक्टो., सोम.
झालं! दुसरबीडच्या माणसाने डोकं चालवायला नको म्हणून लोणारची अख्खी फाईल आपल्या मशीनवर चिकटवली. प्रिंटरच्या पत्त्यासकट. संगीताताई फोनवर ओरडतच होत्या, "दुसरबीडचे कागद माह्या प्रिंटरातून निघून राह्यले! कोन्या म्हाताऱ्याची शुगर हाय ही? कोनाले देऊ?"
हसू आलं, मग रागच. तो म्हातारा तिकडे उपाशीपोटी बसलेला असणार.
शेवटी विचारलंच, नवमीला लोणारची फाईल कोणी बदलली?  ताई म्हणाल्या, "म्याच बदलली. सरांनीच सांगतलं फोनवर. म्हने मॅडमले कशाले इचारतं, तूच टाक पत्ता."
म्हणजे करून सवरून नामानिराळे! सरांसमोर सांगाल का, म्हटलं.
"नोकरी हाय व माय मले. तुमी शिकेल हा, तुमाले कुठंबी भेटन."
कुठंही नको आहे. मला इथेच, नांदुऱ्यात, मान वर करून काम करायचंय. ताईंवर रागावू शकत नाही. सरांवर मात्र राग आहे, आणि तो उतरत नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
सकाळी सर स्वतः टेबलाशी. आवाज मऊ. "चालू करा तुमचं ते टूल. प्लगिन टाकूनच करा." लोणारला केलेल्या फोनचं नाव काढलं नाही. खुलाशासाठी दिलेला कोरा कागद मात्र माझ्या टेबलावर पेपरवेटखाली तसाच.
चालू केलं. लोणारला थांबलं, नवा पत्ता दाखवला, मी तो मूळ प्रतीत घेतला. दुसरबीडचं सरळ केलं. मग आणखी एका मशीनवर थांबलं. सरांच्या स्वतःच्या. टूल बंद असताना पासवर्ड मागायची ओळच हाताने काढलेली. म्हणजे पेशंटचे रिपोर्ट येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही बघावेत!
सर मागेच उभे. "राहू द्या ते. घडी-घडी पासवर्ड टाकायचा कट्टाळा येते."
म्हटलं, राहू देते. मग तेवढं खुलाशात लिहून द्या, चूक माझी म्हणून. तुमच्या सहीने.
कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. 
सर चहाला गेले. टूल अजून विचारतंय, मूळ प्रत परत लिहू का? हो की नाही, ते सरांच्या सहीवर ठरेल. कागद तिथेच आहे, पेनही. मी खुर्ची सोडलेली नाही.